लॅमिनेट केलेली चावी

आमच्या घरात कागद आला की तो लॅमिनेट होतो. आमचे हे रसायनीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झाले, आणि ओल, वाळवी, बुरशी यांच्याशी त्यांचं जुनं वैर आहे. आधार, रेशनकार्ड, इतकंच काय, आमची लग्नपत्रिकासुद्धा प्लास्टिकमध्ये गुदमरते आहे. त्या सकाळी त्यांनी चहाबरोबर एक चकचकीत कार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले. कार्डावर माझ्याच अक्षरात माझी गुप्त चावी होती.

"ही कुठे नेली होतीत?"

"झेरॉक्सवाल्याकडे, कालच. कपाटात ओल धरत होती. दोन जादा प्रती काढल्या, आणि त्याने स्कॅन करून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पण टाकली. आता हरवायची भीतीच नाही."

ती चावी कुलपाची नव्हे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ज्या समाजमाध्यमावर रमले, त्याला मालक नाही, कंपनी नाही, तक्रार करायला खिडकी नाही. सुरुवातीला अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक चावी मिळते. ती ज्याच्या हातात, तो म्हणजे तुम्ही, मग अ‍ॅप कुठलंही असो. मी हौसेने पाच-सहा अ‍ॅप्स पालथी घातली होती. एकात फोटो छान दिसत, एकात लांब लिहिता येई, एकात लोकांना बिल्ले देता येत. पण चावी मात्र कुठल्याच नव्या अ‍ॅपला दिली नाही. ती फक्त एका वेगळ्या अ‍ॅपमध्ये होती, जे माझ्या प्रत्येक संदेशावर माझ्या वतीने सही करी, आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी कपाटात. लोकांना मी हेच शिकवत होते. पासवर्ड बदलता येतो, ही चावी बदलता येत नाही, असं बजावून सांगत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

एरवी फार बिघडलं नसतं. पण मी तिथे रानभाज्यांवर लिहीत असे. आमच्या भागातल्या ज्या बायकांची भाजीची पारख पक्की, त्यांना मी 'ओळख पक्की' असा बिल्ला देई. शहरात राहायला गेलेली मंडळी तो बिल्ला बघून भाजी घेत, शिजवत, मुलांना खाऊ घालत. आता माझ्या नावाने कोणी विषारी कंदाला 'खुशाल खा' म्हटलं, तर लोक खाणार होते.

मी तशीच पायात चपला सरकवून झेरॉक्सच्या दुकानात गेले. संगणकाच्या पडद्यावर अख्ख्या कर्जतची कागदपत्रं पसरली होती, आणि मधोमध ह्यांची 'काका चिठ्ठी' नावाची फाइल. अर्ज भरायला आलेली दोन पोरं त्याच संगणकाशी बसली होती. दुकानदाराने बिचाऱ्याने लगेच फाइल पुसली. "बाई, कोण बघतंय त्यात? नुसती अक्षरं तर आहेत," तो म्हणाला. मला त्याचा राग आला, ह्यांचा आला, सगळ्यात जास्त माझा आला, कारण चिठ्ठीवर ठळक अक्षरात 'रानभाज्यांच्या खात्याची चावी' असं मीच लिहून ठेवलं होतं. बाईंची सवय, शीर्षकाशिवाय काही लिहायचं नाही.

दुकानाच्या पायरीवरच फोन उघडला. माझ्या खात्यावर एक नवा संदेश होता. 'नमस्कार.' एवढाच. मी तो लिहिला नव्हता.

कोण होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. तिथेच उभ्याने मी नवी चावी काढली, नवं खातं उघडलं, आणि जुन्यावर लिहिलं की हे खातं आता माझं नाही. पण चोरही नेमकं हेच लिहू शकला असता. खरी कोण, हे तिसऱ्याच कोणीतरी सांगायला हवं होतं. माझा पहिला बिल्ला जिला दिला ती कशेळ्याच्या वरच्या वाडीतली बाई, जिला मी मावशी म्हणते. भाज्यांच्या बाबतीत लोक माझ्याइतकंच तिचं ऐकत. मी तिला फोन लावला.

"मावशी, मी नवीन खात्यावर आले आहे. सगळ्यांना सांगा, मी तीच म्हणून."

"आवाज तर तुमचाच हाय," ती म्हणाली. "पन तुमीच शिकवलंय ना, फोनवर कुनावर भरवसा टाकू नका? इकडं या. बघते."

मी जीप पकडली. दाटीवाटीत बसून दर दोन मिनिटांनी फोन बघत होते. दुसरा संदेश आला तर तो कसला असेल, हाच विचार डोक्यात होता.

मावशी कशेळ्याच्या नाक्यावर गोणपाट पसरून बसली होती. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग पाटीतून तीन जुड्या काढून पुढे ठेवल्या. "सांगा, ह्यातलं काय काय खायाचं?"

टाकळा ओळखला. भारंगी ओळखली. तिसरी कोवळी, गवतासारखी पात होती. मी आयुष्यभर फुलावरून झाड ओळखायला शिकवलं, आणि तिला फूल नव्हतं. "फोडशी," मी म्हटलं.

"नाय गं बाई! बुडखा बघा की. फोडशीच्या शेजारीच उगवतं, घेऊ नये म्हनून दाखवायला ठेवते मी. हे खाल्लं तर उलट्यांनी जीव जाईल."

सकाळपासून मी चोराला घाबरत होते. पण लोकांना ती पात खायला सांगायला चोराची गरजच नव्हती; मीच पुरेशी होते. मला मनापासून लाज वाटली.

"मग मी नाही का ती?" मी विचारलं.

"तुमीच हाय. चोर असता तर एवढं ठासून चुकला नसता." ती हसली, आणि फोन तोंडाशी धरून बोलत गेली. तिचे शब्द पडद्यावर उमटत गेले: 'नव्या खात्यावरच्या बाई खऱ्या. मी डोळ्यांनी बघितल्या. जुन्या खात्यावरचं काय पन खाऊ नका.' मग जरा थांबून तिने आणखी एक वाक्य जोडलं: 'आनि नव्या खात्यावरचं पन मला इचारल्याबिगर खाऊ नका.'

"हे राहू दे ना?" तिने मला विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं, आणि तिचा संदेश माझ्या दोन्ही खात्यांवरून पुढे पाठवला.