टँकरच्या रांगेतली परीक्षा

त्या उन्हाळ्यात माझी आणि देवाची बोलचाल बंद होती. भांडण माझ्याच बाजूनं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आमच्या उदगीरकडच्या ग्रामीण रुग्णालयात प्रसूतीच्या खोलीतला नळ नुसती हवा सोडत होता, आणि मी एक पत्रक लिहिलं होतं: ‘पिंडीवर घागरी ओतणाऱ्यांनो, बाळंतिणीला धुवायला पाणी नाही, लाज वाटते का?’ पत्रकं लिहिण्यात माझा हात बसलेला होता. कंत्राटी परिचारिकांसाठी लिहायची, उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून लिहायची. हे पत्रक वडिलांच्या किराणा दुकानात कुणीतरी आणून ठेवलं आणि आईनं वाचलं. ती फोनवर एवढंच म्हणाली, “देवानं तुझं काय घोडं मारलंय गं? लिंग तरी गळ्यात हाय का?”

नव्हतं. आम्ही लिंगायत. इष्टलिंग अंगावर असायचं, रोज सकाळी तळहातावर घेऊन पूजा करायची, हे मला अक्षरांच्या आधी शिकवलेलं. ड्यूटीवर गळ्यात काही नको म्हणून मी ते काढून डब्यात ठेवलं, ते तसंच डब्यात राहिलं. विचारलं कुणी तर माझ्याकडे भाषण तयार असायचं. नर्सचं काम हीच पूजा, राख फासून कुणाचा ताप उतरत नाही, वगैरे. भाषण चांगलं होतं. पण खरं कारण भाषणात नव्हतं. सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून गप्प बसायचं म्हटलं की मला धडकी भरायची. मी सतत पळत होते आणि थांबलं की आतलं ऐकू येईल अशी भीती होती.

पळण्याला निमित्त होतं. तीन वर्षांच्या डिप्लोम्यावर लागलेल्या आम्हा नर्सेसना पदवी नसेल तर पुढे जागा नाही. नोकरी सोडून कॉलेजात बसणं शक्य नाही, म्हणून दूरशिक्षणाची बी.एस्सी. नर्सिंग. पुस्तकं पोस्टानं येणार, वर्ग रविवारी लातूरच्या अभ्यास केंद्रात, प्रात्यक्षिकांच्या वहीवर सह्या दहा जणांच्या. मी उदगीरहून यायची, काही जणी थेट नांदेडकडून, मुदखेड-धर्माबादहून रात्रपाळी उतरून बसमध्ये झोपत यायच्या. एका ना-हरकत पत्राच्या सहीसाठी मी तीन वेळा लातूरला खेपा घातल्या आणि तिसऱ्या खेपेला ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे ऐकून तिथल्या पायरीवरच पुढचं पत्रक लिहिलं. जिल्हा जवळ असता तर! याच रागातून मी रविवारच्या मोर्च्यांना जायला लागले. वर्ग कसाबसा व्हायचा, दुपारची बस पकडून मी मोर्च्याला हजर.

आता जे सांगायचं ते सांगते. शेवटच्या वर्षाला ‘कुटुंब अभ्यास’ असतो. एक गरीब कुटुंब निवडायचं, दीड महिना दर आठवड्याला त्यांच्या घरी जायचं, आरोग्य तपासायचं, सल्ला द्यायचा, सगळं फाइलीत नोंदवायचं. आम्हाला लातूरबाहेरची एक वस्ती नेमून दिली होती. मी एकदाही गेले नाही. त्या दुपारी मी हातात माइक घेऊन शासनाच्या खोटेपणावर बोलत होते. कुटुंब मी लातूरच्या मावशीच्या घरी बसून कागदावर तयार केलं: सासू, बांधकामावर जाणारा मुलगा, सातव्या महिन्यातली सून. सहा भेटी. सहाही भेटींत सुनेचं बीपी एकशेवीस-ऐंशी. ‘पाणी उकळून पिण्याचा सल्ला दिला, कुटुंबानं तो अमलात आणला.’ मुदखेडची रुखसाना माझ्या शेजारी बसायची. ती फाइल चाळून म्हणाली, “नेत्या, तुझी ही सून लईच तब्येतीची हाय गं. हिला मोर्च्यात घेऊन जा.” आम्ही दोघी पोट धरून हसलो. बऱ्याच जणी असंच करायच्या. जुन्या फाइली हातोहात फिरायच्या, नावं बदलायची आणि बीपी तेवढं तसंच राहायचं.

परीक्षक बाई नांदेडच्या होत्या. निवृत्तीला आलेल्या, पायात कापडी बूट, हातात छत्री. तोंडी परीक्षेत त्यांनी माझी फाइल उघडली, पाण्याच्या त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “कोणतं पाणी उकळलं यांनी?” मी काहीतरी बोलले. त्यांनी फाइल मिटली. “उद्या नऊला वस्तीच्या समाजमंदिराजवळ थांबते. या घरी घेऊन चल मला.”

त्या रात्री मी काय झोपणार. पहाटे मावशीच्या घरातून निघाले. बेत साधा होता आणि आज लिहितानाही लाज वाटते: नऊच्या आत असं एखादं घर गाठायचं, त्यांना पढवायचं, ‘ही ताई दर आठवड्याला येते’ एवढं म्हणवून घ्यायचं. नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं, आणि अख्ख्या तालुक्यात मीच सगळ्यांना पदवी घ्या, पदवी घ्या म्हणून सांगत फिरलेली.

सातला वस्तीत पोचले तर गल्ल्या रिकाम्या. बाया सगळ्या टँकरच्या रांगेत. मी रांगेच्या कडेनं चेहरे न्याहाळत चालले होते, यातली सासू कोण होईल म्हणून. तेवढ्यात एका म्हातारीनं माझा हात धरला आणि घागरीचा काठ माझ्या मुठीत दिला. “ए बाई, जरा नंबर धर की. आलेच मी.” आणि ती गेली. तिथला नियम मला लगेच कळला, कारण पुढच्या बाईनं तो ओरडून सांगितला: घागरीजवळ माणूस नसेल तर घागर रांगेबाहेर. मी घागर ठेवून सटकायला वळले तशी मागची म्हणाली, “जातीस कुठं? म्हातारीचं पाणी गेलं तर तू भरणार हाईस का?”

“मला काम आहे हो, परीक्षा आहे माझी.”

“कागदवाली हाय वाटतं,” पुढची दुसरीला म्हणाली. “लिहून नेत्यात अन् परत येत न्हाईत.”

हे वाक्य मी पत्रकात वापरलं असतं. त्या वेळी ते माझ्यावरच येऊन पडलं. साडेसात झाले, पावणेआठ झाले. म्हातारीचा पत्ता नाही, टँकरचा नाही. उन्हानं मान भाजत होती. मी घड्याळ बघत होते आणि आतल्या आत तडफडत होते. आणि मग कित्येक महिन्यांनी मी देवाला हाक मारली. भक्तीनं नव्हे, चिडून. ‘महादेवा, सोडव मला इथून. एवढी एक रांग सुटू दे.’ त्यानं सोडवलं नाही. टँकर आठ वाजून गेल्यावर आला, रेटारेटी झाली, माझा पांढरा अ‍ॅप्रन चिखलात माखला, आणि घागर भरून मी उभी राहिले तरी म्हातारी आली नव्हती. आता भरलेली घागर सोडून जाणार कुठं? त्या वर्षी लातूरमध्ये कुणी तसं करू शकलं नसतं.

“सोजरबाईची हाय ती,” मघाची बाई म्हणाली. “शेवटचं घर, पत्र्याचं. दे तिकडं नेऊन.”

घागर घेऊन मी पत्र्याच्या घरात वाकून शिरले. आत एक तरुण बाई भिंतीला टेकून बसली होती, पोट वर आलेलं. चेहरा सुजलेला. मी घागर ठेवली तरी तिनं नीट पाहिलं नाही. “सासूबाई?” म्हणाली. मी म्हटलं, मी नाही ती. “दिसंना झालंय मला नीट,” ती म्हणाली. “डोकं फुटून राहिलंय. सकाळपासून उलट्या होऊन राहिल्यात. उन्हाचं हाय म्हणत्यात.”

पुढचं माझ्या हातांनी केलं, मी नाही. तिच्या नडगीवर अंगठा दाबला, खळगा पडला तो तसाच राहिला. पिशवीत परीक्षेसाठी घेतलेलं बीपीचं यंत्र होतं. एकशेसत्तर-एकशेदहा. पुन्हा मोजलं. तेच. आठवा महिना. कोणत्याही क्षणी झटके सुरू होतील आणि मग आई आणि बाळ दोन्ही हाती लागणार नाहीत, हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं फक्त, माझ्या रुग्णालयात पाहिलेलं होतं. मी बाहेर येऊन ओरडले. रांगेतल्या त्याच बायांनी भरलेल्या घागरी सोडून धाव घेतली, एकीनं नवऱ्याची रिक्षा आणवली. तेवढ्यात म्हातारी धापा टाकत आली. बांधकामावरच्या मुलाला फोन लावायला ती वस्तीभर मोबाइल शोधत फिरत होती. सुनेला, मनीषाला, डाव्या कुशीवर घेऊन मी रिक्षात बसले. सरकारी दवाखान्यात तिला दाखल करून घेतलं, इंजेक्शनं सुरू झाली. मग मी म्हातारीला विचारलं, “आजी, मी नर्स आहे हे ओळखूनच दिली का घागर?”

ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, “कशाची नर्स? मी काय बघितलं बी न्हाई. रांगेत तू एकटीच बिनघागरीची हुतीस.”

पावणेअकराला मी समाजमंदिराजवळ पोचले. परीक्षक बाईंनी आणखी काही जणींनाही तिथंच बोलावलं होतं, आत एकीची परीक्षा चालू होती. रुखसाना दारात थांबली होती. मी सगळं सांगितलं. सासू, बांधकामावरचा मुलगा, पोटुशी सून. महिन्यापूर्वी फाइलीत सातवा लिहिलेला, आता आठवा. ती हरखून गेली. “अगे, अल्लाहनं तुझी फाइल खरी करून दिली! हेच घर म्हणून सांगून टाक. म्हातारी तर आता तुझ्यासाठी जीव देईल.”

मलाही क्षणभर तसंच वाटलं. एवढं जुळलंय तर हीच कृपा असणार. मी फाइल उघडली, तेच पान काढलं. एकशेवीस-ऐंशी, एकशेवीस-ऐंशी, ओळीनं सहा वेळा. हे घर माझं म्हटलं, तर जिला मी आत्ता डोळ्यांपुढे अंधारी आलेली पाहिली, ती माझ्या अक्षरात सहा आठवडे ठणठणीत होती. या वस्तीत अशी सून दर दोन घरांमागे असेल, त्यात जुळण्यासारखं काय होतं! कुणी खरंच दर आठवड्याला तिथं गेलं असतं तर कुठलं ना कुठलं बीपी चढताना दिसलं असतं. मी गेले नाही. मी माइकवर होते.

आत जाऊन मी बाईंना खरं सांगितलं. आवाज कापत होता, मोर्च्यात कधी कापला नाही तो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आज किती होतं?”

“एकशेसत्तर, एकशेदहा.”

“लिही ते. या फाइलीतला पहिला खरा आकडा.” मी लिहिला. त्यांनी त्याखाली आडवी रेघ मारली आणि गुणांच्या चौकोनात शून्य घातलं. “सहा महिन्यांनी ये. नवीन कुटुंब घे,” त्या म्हणाल्या, आणि फाइल मिटत, “दवाखान्यात तिच्याजवळ कोण आहे आत्ता?” मी म्हटलं, सासू. “मग जा तिथं. म्हातारीला कागद वाचता येणार नाहीत.”

दुपारी मनीषाचं सिझेरियन झालं. मुलगी झाली, मुठीएवढी, काचेच्या पेटीत ठेवली. तीन आठवड्यांनी दोघी घरी गेल्या. मी उदगीरला गेले तेव्हा आईनं विचारायच्या आत डबा उघडला. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन बसले. पहिल्या दिवशी दोन मिनिटंसुद्धा टिकले नाही, आतून ती सहा एकशेवीस-ऐंशी ओळीनं येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही आली. मी पळाले नाही, एवढंच. पूजेला पाणी मात्र पळीभरच घेते. पत्रकातलं ते म्हणणं मी मागे घेतलेलं नाही.

पत्रकं अजून लिहिते. जिल्हा अजून झालेला नाही, सहीसाठी खेपा अजून आहेत, आणि त्याचा राग येणं मला चूक वाटत नाही. पण राग आला म्हणजे आपण खरे ठरलो, हा माझा समज गेला. सहा महिन्यांत मी नवीन कुटुंबाकडे अकरा वेळा गेले. त्यातल्या चार भेटींत कुणी घरात नव्हतं, तर तसंच लिहिलं. फाइल हडकुळी झाली. पास झाले, काठावर.

लोक विचारतात, तुला देवाचा अनुभव आला म्हणजे नेमकं काय झालं? मला सिद्ध काही करता येत नाही. रांगेत मी त्याला सोडव म्हणाले आणि त्यानं मला धरून ठेवलं, एवढंच मला ठाऊक आहे. शरण जाणं म्हणजे हात जोडून पडून राहणं असं मी समजत होते, म्हणून मला त्याचा तिटकारा होता. आता वाटतं, आपल्याला जिथं थांबायचं नसतं तिथं थांबणं आणि जे बोलायचं नसतं ते बोलणं, इतकंच ते असावं. बाकी तो बघून घेतो.

शिवा, त्या दिवशी तू मला पास केलं असतंस, तर मी माझेच आभार मानले असते.