त्याची फर्म, माझी पोटदुखी

“मशीन काय घडी घालून आत नेऊ?”

सुरतच्या उधन्यातल्या त्या शेडच्या दारात एम्ब्रॉयडरीवाला काठियावाडी शेठ माझ्यावर असा ओरडत होता, की पांडेसऱ्यापर्यंतचे लूम दचकून बंद पडले असतील. मागे ट्रेलरवर ताडपत्रीत गुंडाळलेलं आगगाडीएवढं मशीन, शेजारी भाड्याची क्रेन आणि शेडच्या बरोब्बर मधोमध एक खांब. शेड मीच दाखवली होती. पावलांनी मोजून “आरामात बसेल शेठ, उरलेल्या जागेत क्रिकेट खेळा” हेही मीच म्हणालो होतो. खांब तेव्हाही तिथेच असणार. पण माझं बोलणं रंगात आलं की मला खांबच काय, तापीवरचा पूलसुद्धा दिसत नाही.

अकरा वर्षं रिंग रोडवरच्या एका जागांच्या दलाल शेठकडे आम्ही दोघं नोकरीला होतो, मी आणि माझा शहाद्याचा दोस्त. एकच स्कूटर. चालवायचा तो, बोलायचो मी. पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाइकं, माझ्या जिभेवर जमायची, असं निदान मी तरी सगळ्यांना सांगायचो. आणि हा पठ्ठ्या दिवाळीला शेठच्या हातून मिठाईचा डबा घेतो काय, आणि पाच दिवसांत, लाभपाचमच्या मुहूर्तावर स्वतःची फर्म उघडतो काय! शेड, गोदामं, दुकानं; सुरतेपासून थेट नवापूर-नंदुरबारपर्यंत. मला एक शब्द नाही.

त्याच्या ऑफिससमोर लोचोवाल्याच्या नाश्त्याच्या गाडीवर उभा राहून मी त्या फर्मचा बोर्ड इतक्या वेळा वाचला, की शेवटी त्यानंच विचारलं, “भाऊ, तुमचीच फर्म का?” त्या दिवशी लोचोची प्लेट तशीच ठेवून मी निघालो. घरी बायको म्हणाली, “अहो, फोन करून अभिनंदन तरी करा.” मी म्हटलं, आधी त्यानं यावं. म्हणावं, चल भो, तुझ्याशिवाय जमत नाही. राजीनाम्याचा कागद मी खिशातच घेऊन फिरत होतो. या वाट पाहण्यात होळी उलटली, आणि होळीनंतर हा खांब.

काठियावाड्यानं माझ्यासमोरच फोन लावला. कुणाला? त्यालाच! तो आला. माझ्याकडे बघून मान हलवली. खिशातून लाल ठिपक्याचं मापयंत्र काढलं, ट्रेलरवर चढून मशीन मोजलं आणि एक कागद पुढे केला. तीन गल्ल्या पलीकडची शेड. दाराची रुंदी, छताची उंची, दोन खांबांमधलं अंतर, विजेचा लोड, सगळं लिहिलेलं. दुपारच्या चहाआधी मशीन आत! शेठनं त्याचा हात असा धरला, जसा काही घरचा जावईच. क्रेनवाल्यानंसुद्धा त्याचं कार्ड मागून घेतलं. माझ्या पोटात एवढी आग पडली, की त्यावर एखादी डाइंग मिल दोन पाळ्या चालली असती.

चहाच्या टपरीवर मी त्याला गाठलं.

“अकरा वर्षं, भो! एका स्कूटरवर! फर्म उघडण्याआधी एकदा तरी विचारायचं होतंस, येतोस का म्हणून. मी काय आलो नसतो?”

त्यानं चहा बशीत ओतला, फुंकर मारली, प्यायला.

“आला असतास,” तो म्हणाला. “पण संध्याकाळच्या आत आपल्या रिंग रोडच्या शेठलाही कळलं असतं.”