उभ्या गाडीने मला हरवलं

आमच्या घरात सकाळचा चहा कोणी करायचा, हे व्हिडिओ गेम ठरवत असे.

गेम जुना. दिलीप शाळेत असताना तिरोड्याच्या बाजारातून आणलेला. पोरगं नोकरीला गोंदियाला गेलं, गेम आम्हा म्हाताराम्हातारीजवळ राहिला. दिवेलागणीला मोटारींची शर्यत लावायची, हरेल त्याने सकाळी चहा करायचा. त्या संध्याकाळीही लावली. कमल जिंकली. (नेहमीच जिंकायची! पडद्यावर मोटार वळली की ही पाटावर वळायची, मला कोपर मारायची आणि वरून म्हणायची, "अजी, सरकून बसा ना!")

"उद्या पाहतो तुले," मी म्हणालो.

"उद्याचं उद्या. सकाळचा चहा तुमचा. अन् साखर घाला आठवणीनं!"

सकाळी मी चहा घेऊन गेलो. ती उठलीच नाही. त्या चहात साखर होती की नव्हती, ते कोणाला कळलं नाही.

जुना गेमही मग बंद पडला. धान घरी आलं तेव्हा दिलीप नवा गेम घेऊन आला, सोबत सूनबाई.

"बाबूजी, दिवसभर भिंतीकडे पाहून राहता. हे खेळत जा."

मला गेम नको होता. मला ती उद्याची शर्यत पाहिजे होती. पण नव्याचा रिमोट हातात घेतला आणि डोकंच फिरलं! जुन्याला चार बाण, दोन बटनं, विषय संपला. याला वर बटनं, पुढे बटनं, बोटं जिथे लपतात तिथेही बटनं! मधे दोन दांड्या.

"ही दांडी कायची?"

"गाडी वळवायची."

"अन् ही?"

"इकडंतिकडं पाहायची."

"पाहायची? मले डोळे नाहीत का रे?" बैलसुद्धा जातो तिकडेच पाहतो. इथे पाहायचं एका अंगठ्याने, जायचं दुसऱ्याने!

बरं, वस्तू नवी. आमच्या घरी मोटरपंप येवो की मिक्सर, हळदकुंकू लागल्याशिवाय सुरू होत नाही. हे काम कमलचं. आता माझ्यावर आलं. मी वाटीत कुंकू चांगलं कालवलं, बोटं भरून रिमोटला लावलं आणि त्याच्यावर धरूनच नारळ फोडला.

"बाबूजी, पाणी! पाणी आत चाललं!" सूनबाई ओरडली.

"देवाच्या कामात कंजूषपणा कायले?"

दुसऱ्या रिमोटला तिने घाईघाईने टिकलीएवढं कुंकू लावलं. तो मी कमलच्या पाटावर ठेवला. दिलीप तिथे बसायला गेला.

"ऊठ. तुझ्या मायची जागा आहे ते."

"मग दुसरी गाडी कोण चालवणार?"

"उभी राहू दे. एकदा तरी मले जिंकू दे!"

शर्यत सुटली. कमलची गाडी जागीच उभी. मी पुढे जायचं बटन दाबलं. माझी गाडी मागे निघाली! मागे जायचं बटन कुंकवात रुतून बसलं होतं. मी दांडी ओढली तर गाडीऐवजी आभाळ फिरलं. गाडी कठड्यावर आपटली आणि रिमोट माझ्या हातात थरथरायला लागला.

"करंट! करंट मारते हे!"

"करंट नाही बाबूजी, गाडी आपटली म्हणून हलते ते!"

"आपटली गाडी, मले कायले हलवून राहिला?"

गाडी उलटीच थेट तळ्यात गेली. वेळ संपला. पडद्यावर फटाके फुटले, पण माझ्या बाजूला नाही. जी पुढे ती जिंकली, आणि मी तर सुटायच्या रेषेच्याही मागे!

"आई जिंकल्या!" सूनबाई बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"ही लबाडी आहे!" मी कडाडलो. "जागची हलली नाही, अन् जिंकली?"

"दुसऱ्या रिमोटनं परत खेळा बाबूजी," दिलीप हळूच म्हणाला.

"परत कायले? झाली ते झाली."

रात्रभर मी रिमोट बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. सकाळी सूनबाई उठायच्या आधी चूल पेटवली, चहा केला. एक कप कमलच्या पाटासमोर ठेवला, एक मी घेतला. थोडा वेळ वाट पाहिली, मग दोन्ही मीच प्यालो.

साखर नव्हती. या कामाला ना दांडी, ना बटन, नुसता एक चमचा लागतो. तोही मला चालवता आला नाही!