फाडलेलं पत्रक

मुलीला आठवीनंतर शाळेतून काढलं. इतिहासाच्या तासाला तिने "हे कशावरून?" असं विचारलं आणि बाईंनी "पेपरात एवढंच लिहायचं" म्हणून तिला खाली बसवलं. त्याआधीही बरंच साचलं होतं, निमित्त हे झालं. गेली दोन वर्षं लालबागच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर शाळा भरते. शिकवते मी, शिकते ती, आणि सासरे खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर धरून सगळं ऐकत असतात.

इतिहास मूळ कागदांवरून शिकवायचा, असं मी ठरवलं होतं. सरकारी हुकूम, भाषणं, जाहीरनामे. भाषा जड, कधी कधी अंगावर येणारी. मुलीला सवयच लावली होती, की कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यातून काय गाळलं, हे आधी बघायचं. पंधरा वर्षांच्या मुलीला ते जमतं. मोठ्यांनाच जमत नाही.

यंदा गिरणी संप घेतला. माझे वडील संपात शेवटपर्यंत राहिले आणि मग त्यांना कुठेच धड काम मिळालं नाही. माझ्या लग्नाआधीच ते वारले. त्यांचे कागद आईने डिलाईल रोडच्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले होते. त्यात मला संपकऱ्यांनी वाटलेलं एक पत्रक सापडलं. पिवळं पडलेलं, घड्यांवर विरलेलं. खालच्या भागात ठळक ठशात एक शिवी होती आणि तिच्याखाली संप मोडून कामावर गेलेल्या नऊ जणांची नावं.

"हे तुला माहीत होतं?" सातव्या नावावर बोट ठेवून मी आईला विचारलं.

"तुमचं लग्न तुम्ही ठरवलंत," ती म्हणाली. "मी काय बोलणार होते?"

पत्रक पिशवीत घालून घरी आणलं. पुढचा आठवडा सासऱ्यांना वेळेवर चहा दिला, गोळ्या दिल्या, आणि त्याव्यतिरिक्त एक शब्द बोलले नाही. रविवारी पत्रक मुलीच्या वहीत ठेवलं. सोमवारी सकाळी वही उघडली तर खालचा भाग नव्हता. पट्टी लावून सरळ फाडलेला.

नवरा डबा बांधत होता.

"हे कोणी फाडलं?"

"मी."

"तुकडा कुठाय?"

"कचऱ्यात टाकला. कचरा गेला सकाळीच."

फोटो काढून ठेवायचंही मला सुचलं नव्हतं. "माझ्या आईने चाळीस वर्षं जपलेला कागद होता तो. माझ्या वडिलांचा!"

"आणि नाव माझ्या बाबांचं होतं. त्यांच्यासमोर, त्यांच्याच घरात, त्यांच्या नातीकडून ते वाचून घेणार होतीस? याला शिक्षण म्हणतात?"

"हो, म्हणतात! तुमच्या घरात सगळं झाकूनच ठेवायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं."

मी ओरडत होते. शेजारच्यांचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला, तरी ओरडत होते. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, आजोबांचं नाव आहे हे तुला आधीच माहीत होतं?"

मी वही मिटली.

"मग मला सांगितलं का नाहीस? मला बघून धक्का बसावा म्हणून?"

खरं उत्तर वेगळं होतं. धक्का मला तिला द्यायचा नव्हता, खिडकीजवळच्या खुर्चीला द्यायचा होता, आणि त्यासाठी मी माझीच मुलगी वापरणार होते. हे मला त्या क्षणी कळलं, आणि राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला.

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "पेन घे गो चेडवा," ते म्हणाले. "नऊ नावा होती. माका पाठ आसत."

त्यांनी नावं सांगितली. क्रमाने, न अडखळता, कोण कुठल्या खात्यात होता त्यासकट. सातवं नाव स्वतःचं, वडिलांच्या नावासह, हजेरीपटावर असायचं तसं. मुलगी लिहीत गेली. नवरा डब्याची पिशवी हातात धरून दारात उभा.

"आजोबा, तुम्ही का गेलात?"

"बाकीचे सांगतत, पोरांसाठी गेलो. मी भियालंय म्हणान गेलंय." त्यांचा आवाज चढला. "पण ह्यां ज्यानां लिवलां, तो माझ्या बाजूक जेवक बसायचो. जिन्याजिन्यात कागद लावल्यानी. तुझी आजी वर्षभर नळावर एकटीच जायची. तां पण लिही."

मुलीने तेही लिहिलं. माझ्या वडिलांबद्दल मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत. दोघे एकाच गिरणीतले. मला माफी हवी होती, निदान त्यांनी माझ्या वडिलांचं नाव तरी घ्यायला हवं होतं. त्यांनी पुन्हा पेपर उचलला.

नवऱ्याशी मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी भांडी विसळताना तो म्हणाला, "तुकडा फेकायला नको होता."

"नको होता," मी म्हटलं. मीही तुला आधी विचारायला हवं होतं, एवढंच माझ्याकडून यायचं होतं. ते आलं नाही.

मुलीने फाडलेल्या पत्रकाखाली नवा कागद टाचला. त्यावर लिहिलं: मूळ यादी घरातल्या माणसाने फाडली, ही यादी तिच्यातल्या सातव्या माणसाने आठवून सांगितली. मग निबंध लिहायला बसली आणि मला विचारलं, "शेवटी कोणाचं बरोबर होतं, ते लिहायचं का?"

"ते तुझं तू ठरव," मी म्हटलं. "मला विचारू नकोस. मी अजून चिडलेली आहे."