करंगळीचं नख

चहाचा कप उचलला की आक्कांची करंगळी वर जायची. जतच्या आमच्या गल्लीत त्यांना त्यावरून 'मडम' म्हणायचे. आक्का म्हणायच्या, "हसा लेकांनू. ह्या नखावर माजं घर चालतंय."

माझं शिलाईचं दुकान, शेजारी त्यांची खोली. त्या बांधणीच्या ओढण्या करायच्या. हल्ली पोरी टाय-डाय म्हणून मिरवतात ना, त्याच जातीचं काम. करंगळीच्या वाढवलेल्या नखानं कापड चिमूटभर उचलायचं, आत ज्वारीचा दाणा धरायचा आणि वरून दोऱ्याचे वेढे आवळून गाठ मारायची. मग कापड रंगात. गाठीखाली रंग शिरत नाही. ती सोडली की तिथं पांढरा ठिपका. रंगवलेलं धुवायला पाणी मात्र रगड लागतं. टँकर आला नाही की काम पडून.

"आक्का, मशिनीला जमेल का हे?" मी विचारायचे.

"मशिनीला टँकरची वाट बगावी लागत न्हाई गं," असं म्हणून त्या मलाच गप्प करायच्या.

ओढणी त्या गाठींसकट विकायच्या. "गाठ गिऱ्हाईकानं सोडायची. मंजी त्याला कळतंय, हातानं केलंय."

सांगलीतला एक दुकानदार सगळा माल उचलायचा. त्यानं आक्कांचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला, खाली लिहिलं 'यांच्या हातची बांधणी'. आक्का लाजल्या. परतीच्या एस.टी.त कंडक्टरलासुद्धा सांगून झालं.

पुढं त्यानं माल घेणं बंद केलं. "सध्या उठाव नाही," म्हणाला. फॅशन येते-जाते, आम्ही खरं मानलं.

दिवाळीच्या तोंडावर मी अस्तर आणायला सांगलीला निघाले, तेव्हा आक्काही सोबत आल्या. दुकानात ही गर्दी. त्यांच्या फोटोखाली ओढण्यांची चळत, प्रत्येकीवर गाठी. आक्कांनी एक उचलली, नखानं गाठ सोडली. मग दुसरी सोडली.

"गाठीखाली ठिपकाच न्हाई," त्या म्हणाल्या.

ठिपका बोटभर बाजूला होता. छापलेला. छापील कापडावर नुसते दोरे आवळले होते, लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायला.

"माजा फोटू काडा," आक्का म्हणाल्या.

"आवं आक्का, फोटोनं तुमचं काय जातंय? बसा, चहा सांगतो."

"माजं त्वांड हाय त्ये. ह्या मालावर लावू नगा."

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर दुकानात मी ओरडून सांगितलं की हा माल खोटा आहे, फोटोतली बाई ही समोर उभी आहे, विचारा तिला. एका बाईनं आक्कांकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं. "रंग छान आहे हो पण," म्हणाली आणि ओढणी पिशवीत टाकली. तुम्हीही अशी बाई पाहिली असेल. मला तिचा राग दुकानदाराहून जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का दुकानात आल्या. "कात्री दे गं." मला वाटलं, दोरा कापायचा असेल. त्यांनी करंगळी पुढं धरली आणि नख मुळातून कापलं.

"आता पीठ तरी नीट मळंल," म्हणाल्या.

खोली सोडून त्या माण तालुक्यात लेकीकडं गेल्या. तिथं शेरडं राखतात.

फोटो अजून काढलेला नाही. सांगलीला गेले की मी त्या दुकानात शिरते, काढा म्हणते. तो चहा सांगतो. मी पीत नाही. भिंतीवर आक्का लाजून हसतायत, हातात ओढणी आहे आणि करंगळीला ते नख आहे.