संदर्भसूचीत सोजरबाई

किस्से जमवायला कुणी बसत नाही. टाइपरायटरखाली खोडरबराचा चुरा साठतो, तसे ते साठतात. रोज फुंकर मारली तरी आठ दिवसांनी मशीन उचललं की मूठभर निघतोच! माझं मशीन जाऊन बरीच वर्षं झाली. चुरा तेवढा राहिला.

माझी मराठी टायपिंगची खोली लातुरात, गोलाईच्या बाजारामागच्या एका गल्लीत होती. लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं आणि पावसानं नेमकी तेव्हाच पाठ फिरवली होती. नव्या कलेक्टर ऑफिसात द्यायचे अर्ज टाइप करायला लोक यायचे, आणि पीएच.डी.चे प्रबंध घेऊन प्राध्यापक यायचे. अर्ज एका पानाचा, प्रबंध चारशे पानांचा! त्या चारशे पानांत माझा जीव खायच्या दोनच गोष्टी. पानाच्या तळाशी येणाऱ्या तळटीपा आणि शेवटची संदर्भसूची. आडनाव आधी की नाव आधी, प्रकाशक आधी की गाव आधी, स्वल्पविराम की पूर्णविराम, हे दर गाईडगणिक बदलायचं.

दर रविवारी तिघं हटकून यायचे. कंधारहून एसटीनं पवळे सर, लातूरचेच इतिहासाचे जाधव सर आणि अहमदपूरच्या कॉलेजात मराठी शिकवणारे गायकवाड सर. मी त्यांच्यात बारावी पास. पण सूचीचा वाद पेटला की तिघंही माझ्याकडे बघायचे, "ताई, तुम्हीच सांगा आता!" खोटं कशाला बोलू, एवढा मान मला पुढं कुणीच दिला नाही.

*

एकाच पुस्तकाचा लागोपाठ हवाला द्यायचा असला की दुसऱ्यांदा पुस्तकाचं नाव लिहीत नाहीत, नुसतं 'तत्रैव' लिहितात. म्हणजे 'तिथंच'. पवळे सरांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी आपलं दुसऱ्यांचे प्रबंध वाचून, तळटीपा उतरवून घेऊन संदर्भसूची तयार केली.

सूची अकारविल्हे. 'त' आला. तिथं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, 'तत्रैव'. पुढं पुस्तकाचं नाव नाही, प्रकाशक नाही.

मी विचारलं, "सर, हे तत्रैव कोण?"

पवळे सर अदबीनं म्हणाले, "लई मोठे अभ्यासक दिसायलेत, ताई. ज्याला त्याला त्यांचाच आधार! पुस्तक काही मला घावलं न्हाई, पण नाव तर टाका. माणूस सुटायला नको."

गायकवाड सर चहा पीत होते. त्यांना असा ठसका लागला की जाधव सरांना पाठ थोपटावी लागली!

*

जाधव सरांचा प्रबंध गावोगावच्या जुन्या कागदपत्रांवर होता. प्रत्येक तळटीपेत गाव, तालुका, जिल्हा. 'जि. उस्मानाबाद' असं मी शेकडो वेळा टाइप केलं आणि सरकारनं जिल्हाच तोडला! गाईडनी निरोप पाठवला, सगळीकडे 'जि. लातूर' करा.

एक मूळ प्रत, चार कार्बन प्रती. ब्लेडनं अलगद खरवडायचं, रबर मारायचं, कागद पुन्हा मशीनला लावायचा, ओळीत ओळ बसवायची. पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. पण 'उस्मानाबाद' लांबलचक आणि 'लातूर' एवढंसं. प्रत्येक पानावर लातूरच्या पुढं पांढरी पोकळी राहिली.

गाईडनी विचारलं, "ही मोकळी जागा कशाची?"

जाधव सर म्हणाले, "सर, जिल्हा नवा आहे. ऑफिसं यायची आहेत अजून!"

*

गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. भोंगा वाजला की हातातलं टाकून पळायचं. एकदा पवळे सरांची सोळावी तळटीप संपली आणि भोंगा वाजला. मी घागर घेतली, तिघांनी बादल्या घेतल्या. पँटीत शर्ट खोचलेले तीन प्राध्यापक रांगेत बघून शेजारच्या शेवंताकाकू म्हणाल्या, "हे कोण गं नवीन?"

मी म्हटलं, "काकू, हे डॉक्टर होणार हायत."

"मग त्यांना कशाला पाणी? सलाईन लावून घेतील की!"

परत येऊन मी घाईत टाइप करायला बसले आणि सोळाच्या पुढं अठरा आकडा टाकला. महिन्याभरानं गाईडनी बरोबर पकडलं. "सतरा नंबरची टीप कुठाय?"

पवळे सरांनी हात जोडले. "सर, ती टँकरला गेलती!"

*

आता माझा एक किस्सा. हा मी तेव्हा कुणालाच सांगितला नव्हता.

जाधव सरांच्या प्रबंधात एका तळटीपेत 'पृ. २१३' हवं होतं, माझ्या हातून 'पृ. ३१२' पडलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. दीड वर्षानं दुसरे एक सर प्रबंध घेऊन आले. त्यात तेच पुस्तक, तोच उतारा आणि 'पृ. ३१२'! मी चपापले. पुढं आणखी दोन प्रबंध आले, दोन्हींत पृ. ३१२. शेवटी न राहवून मी ते पुस्तक वाचनालयातून आणलं. त्याला पानंच होती दोनशे चाळीस!

बऱ्याच दिवसांनी हे गायकवाड सरांजवळ बोलले. ते पोट धरून हसले. म्हणाले, "ताई, तुमची चूक चारदा पीएच.डी. झाली, आणि तुम्ही अजून बारावीच! बीएचा फॉर्म भरा."

मीही हसले आणि मशीनला कागद लावला. तेव्हा भरायला हवा होता. घरात पाणी भरा, पोरांचं बघा, मशीन चालवा, यात तो फॉर्म राहिला. आता कुणी भर म्हणणारंही नाही. पवळे सर गेले, जाधव सर मुलीकडे परगावी असतात. गायकवाड सर निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी गेले. एखादं लग्नाचं पत्र हातात आलं तरी मी आधी स्वल्पविराम तपासते, आणि मग वाटतं, हे दाखवायचं कुणाला?

*

गायकवाड सरांचं गाव जळकोटकडचं. त्यांचा विषय होता गावकुसाबाहेरच्या त्यांच्या वस्तीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त ओव्या त्यांच्या आईच्या, सोजरबाईंच्या. त्यामुळं संदर्भसूचीत 'ग' या अक्षराखाली त्यांनी लिहिलं, 'गायकवाड, सोजरबाई'.

गाईडनी त्यावर लाल पेन्सिलीनं गोल केला. "ही पुस्तकांची यादी आहे. हिचा ग्रंथ कुठला? प्रकाशक कोण? आवृत्ती कितवी?"

गायकवाड सर म्हणाले, "आवृत्ती एकच, सर. दुसरी निघणार न्हाई."

गाईड ऐकेनात, सरही ऐकेनात. मी म्हटलं, "सर, प्रस्तावनेत आभार माना की आईचे. भांडता कशाला?"

ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "आभार तर लोक टायपिस्टचेबी मानतात, ताई!" मग स्वतःच वरमले. म्हणाले, "माझ्या मायचं नाव कुठंच बराबर न्हाई. सातबारा न्हाई, शाळेचा दाखला न्हाई. रोजगार हमीच्या मस्टरवर हाय, तर तिथं सोनाबाई केलंय. हितं तरी जिथं पाहिजे तिथं येऊ द्या."

शेवटी गाईडनी एक वाट काढली. नाव ठेवा, पण जिम्मेदारी तुमची. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी हरकत घेतली, तर त्या दिवशी काढायचं.

नोंदीत वय लिहावं लागतं. सर एकदा आईला घेऊनच आले. मशीनसमोर मांडी घालून सोजरबाई बसल्या. मी विचारलं, "मावशी, वय काय लिहू?"

"साठ लिव." मग जरा विचार करून म्हणाल्या, "न्हाईतर सत्तर लिव बाई. पुस्तकात जरा मोठी दिसू दे!"

*

व्हायवा औरंगाबादला होती. एवढे प्रबंध टाइप केले, पण व्हायवा कशी असते ते मी कधी पाहिलं नव्हतं. नणंद तिकडेच राहायची, ते निमित्त काढून मीही गेले आणि हॉलच्या मागच्या बाकावर बसले. गायकवाड सरांनी आईलाही आणलं होतं. त्या आत यायला तयार होईनात. "तुझी परीक्षा हाय, मी कशाला आत?" म्हणून व्हरांड्यातच बसल्या.

परीक्षक पुण्याकडचे, वयस्कर. त्यांनी प्रबंधात कागदाच्या चिठ्ठ्या घालून ठेवल्या होत्या. इकडचं तिकडचं विचारून झालं आणि त्यांनी एक पान उघडलं.

"गायकवाड, ही ओवी बघा. 'बारव भरली गं, पाणी मिळंना घोटभर. माहेर आठवलं, माय आठवली पोटभर.' ओवी सुंदर आहे. पण मला सांगा, बारव भरलेली आहे, तर पाणी का मिळेना? एक तर बारव कोरडी हवी, नाहीतर शब्द चुकलाय. मूळ संदर्भ बघायला हवा. खाली तुम्ही लिहिलंय, गायकवाड सोजरबाई, मौखिक. हे मी कुठं तपासणार? तपासता येत नसेल, तर ही नोंद सूचीत ठेवता येणार नाही."

गाईडनी 'मी सांगितलं होतं ना!' अशा नजरेनं सरांकडे पाहिलं.

गायकवाड सर उभे राहिले. "सर, मूळ संदर्भ बाहेर व्हरांड्यात बसलाय."

हॉलमध्ये हशा पिकला. परीक्षक मात्र हसले नाहीत. प्रबंध काखेत मारून ते उठले आणि चालू लागले. मागोमाग गाईड, गायकवाड सर, आम्ही सगळे.

सोजरबाई पाय लांब करून बसल्या होत्या. एवढे साहेब येताना बघून त्यांनी घाईघाईनं पिशवी उचलली. "सरकते की, साहेब. हितं बसायचं न्हाई का?"

"बसा, बसा," म्हणत परीक्षक त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांनी पान उघडून दोन्ही ओळी सावकाश वाचून दाखवल्या. "मावशी, ही ओवी तुमचीच ना?"

सोजरबाईंनी मान हलवली. "माझीच हाय. पर अशी न्हाई."

"मग कशी?"

त्यांनी पदर सारखा केला, खाली फरशीकडे बघितलं आणि हलक्या आवाजात ओवी म्हटली,

"बारव भरली गं, पाणी देईनात घोटभर..."

परीक्षकांनी खिशातलं पेन काढलं, 'मिळंना'वर रेघ मारली आणि वर 'देईनात' लिहिलं. मग गाईडना म्हणाले, "सूचीतलं नाव राहील."

पेन बंद करता करता त्यांनी वर बघून हळूच विचारलं, "मग गायकवाड, 'मिळंना' कुठून आलं?"

टायपिंगची चूक नव्हती. सरांच्या हस्तलिखितात तसंच होतं आणि मी अक्षर न बदलता उतरवलं होतं. मी सरांकडे बघितलं. ते खाली मान घालून उभे होते.

सोजरबाईंनी लेकाकडे एकदा पाहिलं आणि परीक्षकांना म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, साहेब. त्याला कालेजात नोकरी करायचीय."