मामंजींचे चतुर

आमच्या मामंजींसारखा माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि ज्वारीचा विचार केला तर ते बरंच झालं. नाहीतर इकडे कुणाच्या ताटात भाकरी पडली नसती. हे माझे सासरे तळ्याखालच्या उत्तम पाटाच्या जमिनीत भात लावायचे. दाणा आखूड, उतारा यथातथाच, आणि स्वतः दोन्ही वेळा भाकरीच खायचे. मग भात कशाला? तर त्या चिखलपाण्यावर चतुर, ते लांब शेपटीचे चार पंखी किडे, भिरभिरायला येतात म्हणून! "ज्वारीत पाण्याचा टिपूस नाही, बिचाऱ्यांनी अंडी घालायची कुठं?" असं ते भल्याभल्यांना विचारत.

मला पाहायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी माझं भरतकाम, विणकाम सगळं मांडून ठेवलं होतं. मामंजींनी एकच विचारलं, "चतुर बसला की पंख मिटतो का पसरतो?" मी म्हटलं, "पसरतो. मिटून बसते ती टाचणी, चतुराची बारकी बहीण." झालं! सुपारी तिथंच फुटली. मला स्वयंपाक येतो का, हे विचारायचं राहूनच गेलं, आणि ते सासूबाईंनी पुढं बरीच वर्षं ऐकवलं.

चतुरांना त्यांनी गोतावळ्यातली नाती लावून टाकली होती. आषाढवाऱ्याबरोबर येणारे, दिवसभर घिरट्या घालणारे आणि टेकायचं नाव न घेणारे पिवळे, ते अक्कलकोटचे व्याही. रोपांच्या बुडख्याशी लपणाऱ्या निळ्या टाचण्या म्हणजे नव्या सुना. आणि एकच काडी धरून बसणारा, जवळ येईल त्याला हुसकावून परत त्याच काडीवर येणारा लालभडक चतुर म्हणजे सासूबाई! "मामंजी, पण तो तर नर असतो," मी म्हटलं. "असू दे की. स्वभाव बघ!" सासूबाईंच्या हे कानावर गेलं त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी फार वाजली.

सासूबाईंचं त्या भाताशी हाडवैर. "लोकं उसावर माड्या बांधायला लागली, आन् आमच्या रानात माशा उडत्यात," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तशात मामंजींची दृष्टी गेली. औषधं झाली, अंजनं झाली, उपयोग शून्य. तरी काठी टेकत ते बांधावर जाऊन बसायचेच. आमचे हे म्हणाले, "आबांना आता दिसत नाही, भात लावायचा कुणासाठी?" आणि उसाच्या बेण्याची गाडी सांगून आले. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत.

सकाळी गाडी दारात आली, तशा सासूबाई पदर खोचून बैलांना आडव्या गेल्या. "फिरीव गाडी! डोळं गेलं त्यांचं, आता बांध बी काढून घेता व्हय रं?" आमच्या ह्यांनी गाडी आल्या वाटेनं परत लावली. त्या साली भातच लागला.

पुढं एकदा मी न्याहारी घेऊन गेले, तर बांधावर दोघं शेजारी बसलेले. सासूबाई कपाळावर हात धरून रानात बघत होत्या.

"व्याही आल्यात. टेकत न्हाईत मेलं. सुना हितं खाली हायती."

"आणि तू?" मामंजींनी विचारलं.

"हाय की. काडीवर बसलीया."

"उठत नाही?"

"कशी उठंल? तिची काडी हाय ती."

मामंजींनी चाचपडत त्यांचा हात धरला. मी भाकरी तिथंच ठेवली आणि घरी आले.

आता दोघंही नाहीत. भात मात्र आम्ही अजून लावतो. उतारा यथातथाच येतो.